धैर्यधर दर वेळी नवा

कोल्हापुरात 'मानापमान' या संगीत नाटकावर बोलायला कुणाला आमंत्रण लागत नाही. देवल क्लबात गाणं ऐकायला आलेली मंडळी असोत की रंकाळ्यावर सकाळी फेऱ्या मारणारे निवृत्त मास्तर, विषय निघायचा अवकाश, कुणीतरी हिशेब मांडायला घेतंच. चाली दिल्या कुणी? आमच्या गोविंदराव टेंब्यांनी. दोन कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त 'मानापमान'चा धैर्यधर, म्हणजे नायक, कोण? आमचे केशवराव भोसले. आणि ज्यांची नायिका भामिनी एवढी गाजली ते बालगंधर्व? त्यांच्या कानाचं दुखणं बरं व्हावं म्हणून त्यांना मिरजेला उपचाराला धाडलं ते शाहू महाराजांनी. एवढं झाल्यावर कुणी हळूच म्हणालं की नाटक लिहिणारे खाडिलकर सांगलीचे, तर उत्तर तयार असतं, "असू दे की. सांगली काय लांब आहे?"

मीही इथलाच, त्यामुळे या अभिमानातून माझी सुटका नाही. पण या नाटकाशी माझी ओळख झाली ती विंगेतून. आमच्या हौशी संस्थेनं राज्य संगीत नाट्य स्पर्धेसाठी 'मानापमान' बसवायला घेतलं, तेव्हा मला ना गळा होता ना चेहरा, म्हणून माझ्या हाती संहिता देऊन प्रॉम्प्टिंगला उभं केलं. ती प्रत अजून माझ्याकडे आहे. मूळचं पुठ्ठं कधीच गेलेलं, पाठीला खाकी कागद चिकटवलेला, कडा इतक्या मऊ की पान उलटताना आवाज येत नाही. प्रॉम्प्टरला याहून चांगली प्रत मिळणार नाही.

त्या प्रतीवर तीन हातांच्या खुणा आहेत. सगळ्यांत जुन्या साध्या शिसपेन्सिलीच्या, आता करड्या पडलेल्या. त्यावर ओली केली की जांभळी उमटणाऱ्या पेन्सिलीच्या. आणि शेवटी लाल बॉलपेनच्या, त्या आमच्या दिग्दर्शकांच्या. करड्या हातानं फार थोडं खोडलंय. त्याला सगळी रात्र मोकळी असणार. समासात त्यानं लिहिलंय, 'येथे वन्समोअर धरावा.' एके ठिकाणी, 'आवाज बसला असल्यास दुसरे कडवे नको.' जांभळ्या हातानं पदंच्या पदं उडवलीत. आमच्या लाल हातानं पदं बऱ्यापैकी ठेवली आणि गद्यावर रेघा मारल्या. तीन वेगळ्या काळांनी एकाच नाटकातून तीन वेगळी नाटकं काढली, ती त्या पानांवर एकाखाली एक दिसतात. तेव्हापासून कुणी 'मूळ मानापमान' असं म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कुठल्या रंगाचं?

सुरुवातीचं मात्र सांगता येतं. १२ मार्च १९११ ला मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीनं 'मानापमान'चा पहिला प्रयोग केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे टिळकांच्या 'केसरी'तले, लेखणीला धार असलेले गृहस्थ. त्यांच्या 'कीचकवध'वर सरकारनं आदल्याच वर्षी बंदी घातली होती. द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान आणि कीचक म्हणजे कर्झन हे प्रेक्षकांच्या आधी सरकारला कळलं असावं. त्यानंतर या माणसानं आयुष्यातलं पहिलं संगीत नाटक लिहिलं आणि त्यात श्रीमंताची गर्विष्ठ मुलगी, गरीब पण शूर सेनापती आणि दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर असा त्रिकोण उभा केला. वडील धैर्यधराशी लग्न ठरवतात, भामिनी त्याच्या गरिबीचा अपमान करते, मग वनमाला या नावानं वेश पालटून त्याच्या छावणीत जाते आणि प्रेमात पडते. वरवर पाहिलं तर गोड गोष्ट. पण पैशापुढं झुकायचं की शौर्यापुढं, हा प्रश्न टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना विचारला गेला होता, हे लक्षात ठेवलं की गोडी जरा वेगळी लागते.

त्या पहिल्या प्रयोगाची एक हकीकत महाराष्ट्रात प्रत्येकाला पाठ आहे. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली आणि तरी त्यांनी रात्री भामिनी उभी केली. व्यासपीठावर हे सांगताना वक्त्याचा आवाज हमखास घोगरा होतो. मला या गोष्टीत कलानिष्ठेइतकीच कंपनीची सक्तीही दिसते. नवं नाटक, मुंबईचा मुक्काम, विकली गेलेली तिकिटं, नायिकेला पर्याय नाही. बाप म्हणून त्या बावीस वर्षांच्या तरुणाला घरी बसायची मुभा देणारी व्यवस्थाच नव्हती. त्याचं कौतुक जरूर करावं, पण त्या व्यवस्थेचं करू नये.

आता टेंबे. गोविंदराव पेटीवाले म्हणून नावाजलेले होते, संगीतकार म्हणून हे त्यांचं पहिलंच काम. त्याआधीच्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कामदा या छंदांच्या, लावणीच्या आणि कर्नाटकी वळणाच्या चाली चालत. गोष्ट पुढं न्यायला त्या फार सोयीच्या. नट बोलता बोलता गाऊ लागे आणि गाता गाता बोलू लागे. टेंब्यांनी हा सगळा सरंजाम बाजूला सारून उत्तरेकडच्या ठुमऱ्या, कजऱ्या, होऱ्या आणि रागदारी चिजा आणल्या. भास्करबुवा बखल्यांचा सहवास आणि अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारी असल्यामुळं या गावात मुरलेली जयपूर गायकी, हे सगळं त्यांच्या कानात होतं. त्यांनी चाल द्यायची आणि खाडिलकरांनी तिच्यात शब्द बसवायचे, असा क्रम होता. म्हणून तर खाडिलकरांची पदं वाचायला घेतली की जीभ अडखळते. 'या नवनवल नयनोत्सवा' हे कागदावर बघून कुणाला सुचेल की हे गाताना इतकं सुरेख उलगडतं? शब्दप्रधान कविता म्हणून या पदांना मी फार मार्क देणार नाही. पण त्यातले स्वर लांबवायला, मुरकी घ्यायला, आळवायला केलेले आहेत, आणि ते काम ती चोख करतात.

याचा एक परिणाम फार दूरवर गेला. चाल ख्याल-ठुमरीच्या अंगाची झाली की गाणारा ती फुलवणारच. पाच मिनिटांचं पद पंधरा मिनिटांचं होणार, वन्समोअर आला की अर्धा तास. पन्नासाच्या आसपास पदं असलेलं नाटक मग रात्रभर चालणार, यात नवल ते काय. 'संगीत नाटकात नाटक मागं पडलं आणि मैफल पुढं आली' ही तक्रार पुढं शंभर वर्षं लोक करत आले. तिची सुरुवात शोधायला निघालात तर पाऊल 'मानापमान'च्या तालमीपाशीच येऊन थांबेल. आमच्याच गावच्या माणसानं केलेला हा गोड अपराध आहे, आणि तो केला नसता तर आज आपण हे नाटक आठवलंही नसतं.

पहिला धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. त्याच वर्षी ते वारले. इथून या भूमिकेची एक विचित्र कुंडली सुरू होते. भामिनी म्हणजे बालगंधर्व, हे समीकरण कित्येक वर्षं हललं नाही. लक्ष्मीधर म्हणजे गणपतराव बोडस, तेही पक्कं. धैर्यधराची जागा मात्र सारखी रिकामी होत राहिली आणि दर वेळी वेगळ्याच गळ्याचा माणूस तिच्यात येऊन उभा राहिला. १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्करातून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा तर चाली देणारे टेंबेच तोंडाला रंग लावून धैर्यधर झाले. संगीतकारानं आपलीच चाल रंगमंचावर नायक म्हणून गावी, असं भाग्य किती जणांना लाभलं असेल? पेटीवर बसलेला माणूस उठून सेनापती होतो, हे प्रेक्षकांनी कसं पचवलं असेल याचं मला कुतूहल आहे. फार वर्षं ते तिथं रमले नाहीत; बाहेर पडून त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. पुढं प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला १९३२ मध्ये, कोल्हापुरातच तयार झालेला, त्यात संगीतही टेंब्यांचं आणि हरिश्चंद्रही तेच. नायकाची हौस या गृहस्थांना शेवटपर्यंत होती, असं म्हणायला हरकत नाही.

गंधर्व मंडळीच्या काळात नाटकाचं बाह्यरूप बदललं. ऑर्गन आला, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवा. थिरकवांसारखा तबलजी नाटकाच्या साथीला बसलेला असताना मैफल पुढं येणार नाही तर काय? भरजरी शालू, अस्सल दागिने, अत्तराचा फवारा, या सगळ्यासाठी कंपनी कर्जात गेली. श्रीमंतीला नावं ठेवणारं नाटक इतक्या श्रीमंतीत उभं राहिलं, हा विरोधाभास खाडिलकरांना बोचला नसेल असं मला वाटत नाही. प्रेक्षकांना मात्र तो बोचला नाही. ते भामिनीचा शालू बघायलाच येत.

मग १९२१ चा जुलै. टिळकांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, त्यांच्या नावानं स्वराज्य फंडासाठी एक कोट रुपये गोळा करायची हाक गांधीजींनी दिली होती. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक त्यासाठी एकत्र उभे राहिले: गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले. ८ जुलै १९२१, मुंबईतलं बालीवाला थिएटर, नाटक 'मानापमान'. टिळकांच्या नावाच्या फंडाला टिळकांच्या शिष्याचं नाटक. तिकिटाचे दर शंभर रुपयांपर्यंत चढवलेले, आणि तरी बाहेर उभं राहायला जागा नाही.

आज आपल्याला याचं अप्रूप नीट कळणार नाही. कंपनीचं भांडण हे तेव्हा घराघरांतलं भांडण असे. गंधर्ववाले आणि केशवराववाले एकमेकांच्या ओट्यावर बसत नसत, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. केशवराव कोल्हापुरात १८९० साली जन्मलेले, लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झालेले, पोरवयात शारदेची भूमिका करून 'मूर्तिमंत भीती उभी' या पदानं त्यांनी गावंच्या गावं हलवली होती. सतराव्या वर्षी, १ जानेवारी १९०८ ला, हुबळीत स्वतःची ललितकलादर्श काढली. शाळेत फार न गेलेल्या या मुलानं नाटककार मामा वरेरकरांकडून 'हाच मुलाचा बाप', 'संन्याशाचा संसार' अशी नव्या विचाराची नाटकं घेतली. हुंड्यावरचं नाटक, शुद्धीकरणावरचं नाटक. त्या काळी धंद्याचं गणित बघणारा कुणी हे करता ना. बालगंधर्वांच्या गाण्यात लडिवाळपणा, तर केशवरावांचा आवाज पल्लेदार, वरच्या पट्टीत तलवारीसारखा लखलखणारा. दोघांनीही स्त्रीभूमिका गाजवलेल्या. त्यातल्या एकानं त्या रात्री नायक व्हायचं होतं.

पडदा उघडण्याआधी दोन्ही कंपन्यांची मंडळी मिळून 'नमन नटवरा विस्मयकारा' ही नांदी म्हणताहेत, हे चित्र मी कितीदा मनाशी रंगवलंय. पुढच्या रांगेतल्या माणसानं आपल्या पंथाच्या नटाला टाळी द्यायची की दुसऱ्याच्या तानेला चुकून 'वाहवा' निघाली तर ती गिळायची? सोळा हजारांवर रुपये एका रात्रीत जमले. सोनं त्या वेळी तोळ्याला वीस-पंचवीस रुपयांच्या घरात होतं, त्यावरून अंदाज करावा. लगोलग संयुक्त 'सौभद्र'ही झालं. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ ला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय एकतीस.

त्या रात्री कोण वरचढ ठरलं, यावर कोल्हापुरात अजून एकमत आहे आणि पुण्यात वेगळं एकमत आहे. मला त्या वादात रस नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. केशवरावांनी टेंब्यांचा धैर्यधर गायला नाही, जोगळेकरांचाही नाही. ते आपल्या गळ्यानं गायले. पुढं मास्टर दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळीत हेच केलं. 'चंद्रिका ही जणू', 'रवि मी' ही पदं आज आपल्या कानात आहेत ती बहुतेक दीनानाथांच्या वळणाची: आक्रमक, झेपावणारी, मध्येच कर्नाटकी झाक मारणारी. टेंब्यांच्या मूळ चालीपासून ती किती दूर गेली यावर जाणकारांनी नाकं मुरडली, पण लोकांनी ती उचलली. पुढं छोटा गंधर्वांनी हीच भूमिका पुन्हा मऊ, नखरेल, अलगद केली. प्रत्येक वेळी धैर्यधर नवा झाला, कारण त्याचा साचा ओतून घ्यायला कुणाला सवडच मिळाली नव्हती. जागा रिकामी होत राहिली हे त्याचं नशीब.

भामिनीचं उलटं झालं. बालगंधर्वांनी ती इतकी वर्षं केली की तिचा पदर, तिचा रुसवा, 'नाही मी बोलत' म्हणताना मान वळवायची ती तिरपी लकब, हे सगळं शिक्क्यासारखं ठाम झालं. नंतर बायका रंगभूमीवर आल्या. जयमालाबाई शिलेदार, पुढं त्यांच्या कन्या कीर्तीताई, अशा समर्थ गायिकांनी ही परंपरा डोक्यावर घेतली आणि पुण्याच्या मराठी रंगभूमी संस्थेनं पडत्या काळात संगीत नाटक गावोगाव नेलं. त्यांचे उपकार आहेतच. पण त्यांच्यामागून आलेल्या हौशी भामिनी बघा. बाईनं बाईसारखं दिसायचं म्हणजे एका पुरुषानं बाईसारखं कसं दिसावं हे जे ठरवलं, त्याची नक्कल करायची! आमच्या नाटकातली भामिनी बँकेत नोकरीला होती, बोलायला खणखणीत, चालायला झपझप. रंगमंचावर पाय ठेवला की तिचं अंग आखडायचं, आवाज लाडिक व्हायचा. एकदा तिनं तालमीत वैतागून विचारलं, "मी जशी रागावते तशी रागावले तर चालणार नाही का?" कुणी उत्तर दिलं नाही. ऑर्गनवर बसलेले आण्णा तेवढे म्हणाले, "रागाव की पोरी. सुरात रागावलीस म्हणजे झालं."

आण्णांचा ऑर्गन हा एक स्वतंत्र विषय आहे. पायाच्या दोन पट्ट्यांपैकी डावी करकरायची, ती गाण्याच्या शांत जागी ऐकू येऊ नये म्हणून ते तिच्याखाली घडी घातलेलं फडकं ठेवत आणि प्रवेश बदलला की पायानंच ते पुढं सारत. हात काळ्या-पांढऱ्यावर, नजर नटाच्या ओठांवर. नट ज्या पट्टीत बोलतोय तिथूनच पदाची सुरावट उचलायची आणि त्याच्या शेवटच्या शब्दाला स्वर देऊन ठेवायचा, हे त्यांचं कसब. गद्य छाटलं की याच गोष्टीची गोची होते. बोलण्याची चढण उरत नाही, नट सपाट जागेवरून एकदम गाण्यात उडी मारतो. लाल रेघा मारलेलं पान बघून आण्णा दिग्दर्शकांना म्हणाले होते, "सायेब, जिना काढून टाकलाय तुम्ही. आता माडीवर जायचं कसं?"

त्या लाल रेघांमध्ये सगळ्यांत जास्त बळी गेला तो लक्ष्मीधराचा. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं, ते मान्य. गाणी कापली तर परीक्षक आणि प्रेक्षक दोघंही रुसतात, तेही मान्य. मग कापायचं काय? हशा देणारा गद्य नट. बोडसांनी ज्या लक्ष्मीधराच्या जिवावर नाव कमावलं, त्याला आम्ही दोन-चार विनोदांवर आणून ठेवलं. हल्लीच्या बहुतेक पुनरुज्जीवनांत हेच होतं. आणि मग नाटक लंगडतं, कारण भामिनीची चूक कळायला आधी लक्ष्मीधराची भुरळ पडायला हवी. दागिन्यांचा तो चालताबोलता पेटारा हास्यास्पद असला तरी ऐटबाज दिसला पाहिजे. तो नुसता बावळट दिसला, तर त्याच्या थाटाला भुलणारी मुलगीही बावळट ठरते आणि पुढचं रामायण घडायचं कारणच उरत नाही. खाडिलकर नाटककार होते, गीतकार नव्हते. त्यांचं नाटक गद्यात आहे, गाणी त्याची मिरवणूक.

शताब्दीच्या सुमारास राहुल देशपांड्यांनी हे नाटक नव्यानं आणलं, प्रियांका बर्वे भामिनी झाल्या. वेळ आटोपशीर, पदं निवडक, तरुण प्रेक्षक. मला त्यात आवडलं ते असं की गाणाऱ्यांनी वन्समोअरची हाव आवरली होती. वाढवायची जागा दिसत असूनही पद वेळेवर सोडणं हा संयम जुन्यांनाही फारसा जमला नव्हता. नावडलं ते वर सांगितलंच. मग जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भाव्यांचा चित्रपट आला, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. आमच्या ओळखीच्या काही ज्येष्ठांनी ट्रेलर पाहूनच कपाळाला हात लावला. मला राग आला नाही. टेंब्यांनी साकी-दिंडी टाकून बनारसची ठुमरी आणली तेव्हाही जुन्या किर्लोस्करी रसिकांनी कपाळाला हात लावलाच असणार. चाल बदलणं हा या नाटकाचा जन्मजात धर्म आहे. चित्रपटानं कथेत जे रचलं ते सगळंच मला पटलं असं नाही, पण नवी चाल दिली म्हणून त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांनी आधी टेंब्यांना उभं करावं.

या सगळ्याला कोल्हापुरात दोन वर्षांपासून एक वेगळी धार आलीय. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून बांधवलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली उभं राहिलं, पुढं त्याला केशवरावांचं नाव मिळालं. एका भिंतीपलीकडं कुस्ती, अलीकडं नाटक. राजाच्या मनातलं अख्खं गाव त्या दोन वास्तूंत मावलं होतं. ८ ऑगस्ट २०२४ ला, गुरुवारी रात्री, तिथं आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रंगमंच गेला, लाकूडकाम गेलं, छप्पर खाली आलं, दगडी भिंती राहिल्या. त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या गर्दीत बॅकस्टेजची पोरं, हमाल, मेकअपवाले, रिक्षावाले, ज्यांनी आयुष्यात तिकीट काढून संगीत नाटक पाहिलं नसेल अशीही माणसं होती, आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मग पुन्हा उभारणीचं ठरलं आणि सगळीकडून एकच मागणी आली: होतं तसंच हवं. भावना माझीही तीच आहे. पण 'होतं तसं' म्हणजे कधीचं? महाराजांनी बांधवलं तेव्हाचं, विजेच्या दिव्यांची आणि ध्वनिक्षेपकाची आजच्यासारखी सोय नसतानाचं? की मधल्या नूतनीकरणानंतरचं, गुबगुबीत खुर्च्यांचं? दगडी भिंत, दर्शनी भाग, प्रेक्षागृहाची ठेवण ही महाराजांची हवी, यात वाद नाही. आवाजाची ठेवण तर काटेकोर जपली पाहिजे, कारण माईक नसताना शेवटच्या माणसाला पद ऐकू जायचं ते त्या ठेवणीमुळं. पण विंगेतली जागा, नटांच्या खोल्या, ऑर्गन आणि साथीदार बसायचा खळगा, आग विझवायची व्यवस्था, या गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच्या असण्यात कसली आलीय इभ्रत? केशवरावांनी स्वतः जुनं जसंच्या तसं कधी ठेवलं नाही. त्यांच्या नावाच्या वास्तूत एवढं स्वातंत्र्य घ्यायला हरकत नसावी.

रंगमंच तयार झाला की तिथं पहिलं नाटक कुठलं करायचं, यावर गप्पा आतापासूनच झडताहेत आणि 'मानापमान'चं नाव अर्थातच सगळ्यांत वर आहे. होऊ दे. फक्त ते करणाऱ्यांना माझ्या प्रतीतून काही सांगायचंय. पहिल्या अंकात लक्ष्मीधराचं जे बोलणं लाल रेघेखाली गेलंय ते परत घ्या. त्याला शरीरानं उमदा, ऐटदार नट द्या, पोट सुटलेला विदूषक नको. भामिनीला बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका ऐकवा, पण त्यांची छायाचित्रं दाखवू नका. धैर्यधराला दीनानाथांची तान घेऊ नको म्हणावं, ती दीनानाथांना शोभते. वेळेचं म्हणाल तर जांभळ्या पेन्सिलीनं खोडलेली पदं तशीच खोडलेली राहू द्यात, त्यातली बरीच मला आजही खोडण्यालायक वाटतात. एवढं केलं तर लक्ष्मीधरासकट पहिला अंक सव्वा तासात बसतो. मी घड्याळ लावून वाचून पाहिलाय, वन्समोअर मात्र त्यात धरलेला नाही.